सुतळीची गाठ

गेल्या महिन्यात वाशिमहून रिसोडला एस.टी.ने येत होतो. पुढच्या बाजूला ‘प्रथमोपचार पेटी’ असं लिहिलेला डबा दिसला. मास्तरकीची खोड अशी, की लिहिलेलं दिसलं की वाचायचं आणि वाचलं की कुणाला तरी विचारायचं. कंडक्टर तरुण होता. तिकीट घेता घेता त्याला म्हटलं, "काय हो, हे वापरायला शिकवतात का तुम्हाला?" तो म्हणाला, "शिकवतात म्हणजे काय काका, प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट असल्याशिवाय बिल्लाच भेटत नाही."

खरं आहे ते. कंडक्टरच्या लायसनसाठी हे प्रमाणपत्र लागतं, आणि रोज शेकडो माणसं ज्याच्याकडून तिकीट घेतात त्याला इतकं शिकवण्याचं ज्या कुणाला सुचलं, त्याचं मला कौतुक वाटतं. आमच्या मास्तरांना मात्र अशी अट कुणी घातली नाही!

आमचं बोलणं ऐकून शेजारच्या बाकावरचे एक शेतकरी म्हणाले, "मंग साप चावला तं काय करता?" कंडक्टर उत्तर देणार तेवढ्यात मागून आवाज आला, "बांधाचं घट्ट, अजून काय!" दोन-तीन बाकांवरच्या माना हलल्या. मी गप्प बसलो. पस्तीस वर्षं वर्गात बोललेला माणूस मी, पण त्या ‘अजून काय’ला माझ्याकडून उत्तर गेलं नाही. कारण घट्ट बांधायचं हे या भागातल्या निदान पाच-सातशे पोरांना मीच शिकवलं आहे.

तर मंडळी, आज त्याबद्दल लिहितो. विषय इतिहासाचा आहे, आणि थोडा माझाही.

दवाखाना येईपर्यंत जखमी माणसाचं काय करायचं, हे साध्या माणसांना शिकवावं ही कल्पना फार जुनी नाही. २४ जून १८५९ रोजी इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली. हजारो जखमी सैनिक जवळच्या कास्तिल्योने गावात आणून टाकले होते. हेन्री ड्युनांट नावाचा एक स्विस व्यापारी आपल्या धंद्याच्या कामासाठी तिकडे आला होता. त्याने गावातल्या बायाबापड्यांना गोळा केलं. पाणी, कापड, जे मिळेल ते घेऊन त्या जखमींच्या सेवेला लागल्या. सैनिक आपल्या बाजूचा की शत्रूचा हे त्यांनी पाहिलं नाही. या अनुभवावर ड्युनांटने १८६२ साली पुस्तक लिहिलं आणि त्यातून पुढे रेडक्रॉस उभी राहिली, हे आपण शाळेत शिकलो आहोत. (मी शिकवलंही आहे. दोन मार्कांच्या टिपेला हमखास यायचं.) पण त्या गावातल्या बायांच्या अंगी माया होती, शिक्षण नव्हतं. जखम कशी बांधायची, मोडलेला पाय कसा उचलायचा, हे त्यांना कोण सांगणार?

ते काम पुढच्या पिढीने केलं. १८७७ साली इंग्लंडमध्ये सेंट जॉन अँब्युलन्स असोसिएशन निघाली आणि १८७८ च्या सुरुवातीला लंडनजवळ वुलिच इथे पीटर शेपर्ड या लष्करी डॉक्टरने साध्या नागरिकांसाठी वर्ग घेतले. खाणीतले, रेल्वेतले, कारखान्यातले मजूर रोज हातपाय मोडून घेत होते, त्यांच्यासाठी हे शिक्षण होतं. शेपर्ड पुढच्याच वर्षी आफ्रिकेत झुलूंच्या लढाईत मारला गेला. त्याचं पुस्तक मागे राहिलं. तिकडे जर्मनीत एस्मार्च नावाच्या शल्यचिकित्सकाने १८८२ साली कील शहरात अशीच शाळा काढली. स्काउटच्या गळ्यातल्या स्कार्फची जी त्रिकोणी झोळी आपण हात मोडल्यावर बांधतो, तिचा प्रसार यानेच केला. एक त्रिकोणी फडकं, त्याच्या कितीतरी घड्या आणि ते घरोघरी मिळणारं! मला ही गोष्ट नेहमी फार आवडत आली आहे.

आपल्या माणसांपैकी या शिक्षणाचा मोठा प्रयोग गांधीजींनी केला, तोही भारताबाहेर. १८९९ च्या बोअर युद्धात त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या सुमारे अकराशे हिंदी लोकांचं जखमी वाहून नेणारं पथक उभं केलं. त्यात वकील होते, कारकून होते, पण बहुतेक गिरमिटिया मजूर. डॉ. बूथ यांनी त्यांना शुश्रूषेचं शिक्षण दिलं. स्पायन कॉपच्या लढाईत हे लोक डोल्या खांद्यावर घेऊन दिवसाला वीस-पंचवीस मैल चालले. बॅरिस्टर आणि उसाच्या मळ्यातला मजूर एकाच डोलीला खांदा देताहेत, हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा.

असो. हे सगळं फिरत फिरत आमच्यापर्यंत आलं ते स्काउटच्या रूपाने. १९७३ साली मी नोकरीला लागलो. पैनगंगेकडच्या एका खेड्यातली शाळा, तेव्हा जिल्हा अकोला. (वाशिम जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी.) मराठी आणि इतिहास हे माझे विषय. नवा मास्तर म्हणून स्काउट गळ्यात पडलं. त्यासोबत मिळालं खाकी पुठ्ठ्याचं एक प्रथमोपचाराचं पुस्तक. विज्ञानाशी माझा संबंध मॅट्रिकपुरता. पण छापलेल्या शब्दावर माझी श्रद्धा पूर्ण! त्या पुस्तकात जे होतं ते मी दर पावसाळ्यापूर्वी प्रात्यक्षिकासह शिकवत होतो.

बुडालेल्या माणसाला पालथं झोपवून पाठ दाबायची, मग दंड धरून उचलायचे. ही होल्गर नील्सन नावाच्या डॅनिश माणसाची १९३२ सालची पद्धत. मी ती पोरांकडून मोजणी लावून घटवून घेतली. आता कळतं, की मी शिकवत होतो तेव्हाच ती मागे पडली होती. तोंडाने श्वास देणं जास्त उपयोगी, हे १९५० च्या दशकात सिद्ध झालं होतं आणि छाती दाबून थांबलेलं हृदय चालतं ठेवता येतं हे १९६० साली अमेरिकेत कौवनहोवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केलं होतं. उताणं झोपवून छातीच्या मधोमध मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबायचं. आमच्या शाळेत ही बातमी पोचलीच नाही. पण निदान माझ्या कुठल्या विद्यार्थ्यावर बुडालेल्याची पाठ दाबायची वेळ आली नाही. सापाचं तसं झालं नाही.

सापाबद्दल पुस्तकात चार पायऱ्या होत्या. दंशाच्या वर दोरी घट्ट आवळा. ब्लेडने फुलीसारखा छेद द्या. रक्त पिळून काढा. जखमेत पोटॅशियम परमँगनेटचे कण भरा. वर्गातल्या एखाद्या पोराला बाकावर झोपवून मी खडूने छेद दाखवायचो आणि सुतळी मात्र खरीखुरी आवळायचो, पोरगं ‘ओय’ करेपर्यंत.

या चार पायऱ्या आल्या कुठून, हे मी निवृत्तीनंतर शोधलं. दोरी बांधणं आपल्याकडे आणि जगभर जुनंच. परमँगनेटची गोष्ट मात्र नव्या काळातली आहे. सर जोसेफ फेअरर हे हिंदुस्थानात नोकरी केलेले इंग्रज डॉक्टर. भारतातल्या विषारी सापांवर त्यांनी १८७२ साली मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १९०४ साली ब्रंटन, फेअरर आणि रॉजर्स या तिघांनी मिळून एक निबंध लिहिला, की दंशाच्या जागी छेद देऊन परमँगनेट भरलं तर मृत्यू टाळता येईल. एका टोकाला छोटं पातं आणि दुसऱ्या टोकाला परमँगनेटचे कण, अशी एक लहानशी लाकडी नळी तयार झाली. स्वस्त आणि खिशात मावणारी. त्यांचा हेतू अगदी शेपर्डसारखाच होता, दवाखान्यापासून दूर असलेल्या साध्या माणसाच्या हातात काहीतरी द्यावं. अडचण एवढीच, की ते ‘काहीतरी’ उपयोगाचं नव्हतं. विष एव्हाना आत पसरलेलं असतं, परमँगनेट तिथवर पोचत नाही, मांस मात्र जाळतं. दंशावरचा खरा उतारा घोड्याच्या रक्तातून काढलेलं प्रतिविष, जे फ्रान्समध्ये कालमेत यांनी १८९० च्या दशकात तयार केलं आणि पुढे आपल्याकडे परळच्या हाफकिन संस्थेनेही बनवलं. तरी ती फुली आणि ते जांभळे कण पुस्तकांतून सत्तर-ऐंशी वर्षं चालत राहिले, आणि शेवटी माझ्या वर्गात आले.

आता १९८१ च्या श्रावणाकडे येतो. आमच्या भागात ‘साप चावला’ म्हणत नाहीत, ‘पान लागलं’ म्हणतात. सोयाबीन तेव्हा आमच्याकडे यायचं होतं. ज्वारी, कापूस, उडीद-मूग. नववीतल्या एका मुलाचे वडील संध्याकाळी धुऱ्यावर गवत कापत होते. घोट्याजवळ घोणस डसली. मुलगा सोबत होता. त्याने घाबरून न जाता बैलाच्या झुलीची सुतळी काढली आणि पोटरीवर आवळली. घरून ब्लेड आणलं, छेद दिला, माझ्याच सांगण्यावरून आणून ठेवलेली परमँगनेटची पुडी जखमेत रिकामी केली. मग बैलगाडीतून रस्त्यापर्यंत, तिथून मालट्रकने वाशिम आणि वाशिमहून पुढे ऐंशी किलोमीटर अकोला. सुतळी रात्रभर तशीच होती. ‘दवाखान्याशिवाय सोडू नये’ हेही मीच सांगितलेलं.

माणूस वाचला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

महिनाभराने मुलगा शाळेत आला तेव्हा सगळ्या वर्गासमोर म्हणाला, "सर, तुमी शिकवलं व्हतं म्हणून बाबा वाचले." मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी त्याचं आणि माझंही कौतुक केलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं मी अठ्ठावीस वर्षं जपून ठेवलं.

२००९ साली, निवृत्तीनंतर वर्षभराने, तालुक्याच्या गावी एक शिबिर होतं. तरुण डॉक्टरांनी विचारलं, "साप चावला तर दोरी कोण कोण बांधेल?" मी हात वर केला. उत्साहाने केला. ते शांतपणे म्हणाले, "बांधायची नाही." मग त्यांनी समजावून सांगितलं. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, म्हणजे ब्लेडचा छेद वाहतच राहतो. त्याच विषाने दंशाजवळचं मांस सडायला लागतं. वरून दोरी आवळली की विष तिथेच कोंडतं, शिवाय पायाला रक्तच पोचत नाही. फार वेळ तशीच राहिली तर पाय काळा पडतो. आणि दोरी एकदम सोडली तर साठलेलं विष एका झटक्यात अंगात जातं. नाग किंवा मण्यार असेल तर डोळ्यांच्या पापण्या जड होतात, श्वास अडकतो, तिथेही दोरीचा उपयोग नाही.

मी घरी आलो, जेवलो नाही. हिला वाटलं उन्हाचा त्रास झाला.

त्या माणसाचा पाय सुतळीने गेला की घोणशीने, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. घोणस एकटीसुद्धा पाय घेऊ शकते. पण ती पोरगं ‘ओय’ करेपर्यंत आवळलेली गाठ मला झोपू देईना. त्या मुलाला जाऊन सांगावं असं वाटलं. गेलो नाही. आज-उद्या करत पंधराहून अधिक वर्षं गेली. मध्ये त्याचे वडीलही म्हातारपणाने गेले. मला तेव्हा मनातल्या मनात सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकतो.

इथे वाचणारा म्हणेल, मग असलं अर्धवट शिक्षण साध्या माणसाला द्यावंच कशाला? डॉक्टरचं काम डॉक्टरला करू द्या. मीही काही दिवस असंच म्हणत होतो. त्यातून मला बाहेर काढलं ते आपल्याच विदर्भातल्या गडचिरोलीने. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या ३९ गावांत बेताच्या शिकलेल्या बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, न्यूमोनिया कसा ओळखायचा, इतकंच काय, इंजेक्शन कसं द्यायचं तेही. नवजात बालकांचे मृत्यू तिथे ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास आला, आणि आज आशाताई घरोघरी जाऊन बाळाला पाहतात त्यामागे ते काम आहे. मी आणि बंग दांपत्य, दोघांनीही साध्या माणसांनाच शिकवलं. फरक असा, की त्यांनी शिकवलेलं दर वेळी तपासलं, मोजलं. मी एकदा मिळालेलं पुस्तक पस्तीस वर्षं वाचलं. दोष शिकणाऱ्यात नव्हता. त्या नववीतल्या पोराने तर शिकवलेल्या चारही पायऱ्या अंधारात, एकट्याने, न चुकता केल्या होत्या.

आणि डॉक्टर येईपर्यंतचा वेळ कुणाच्या तरी हातात असतोच. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात भारतात वर्षाला सुमारे ४६ हजार माणसं सर्पदंशाने मरतात असा अंदाज निघाला. पुढच्या, २०२० च्या अभ्यासात तो ५८ हजारांवर गेला. बहुतेक खेड्यातली, शेतातली, आणि बरीचशी दवाखान्यात न पोचता घरीच गेलेली. केंद्र सरकारने २०२४ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करायचे म्हणून. आराखड्याचं काम दवाखान्यात सुरू होईल, पण धुऱ्यावर कोण असतं? पोरगं असतं, बायको असते, शेजारचा सालदार असतो.

रस्त्याचंही तेच. आमच्या जिल्ह्यातून आता समृद्धी महामार्ग जातो. १०८ ची गाडी २०१४ पासून आहे. पण ती येईपर्यंत रक्त थांबत नाही. पूर्वी लोक पोलिसांच्या भीतीने जखमीला हात लावत नसत. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी असो की खासगी, डॉक्टरने जखमीवर आधी उपचार केलेच पाहिजेत असं सांगितलं, २०१६ साली मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यातच आलं. म्हणजे भीतीचं कारण गेलं. गंमत म्हणजे, अपघातात हात-पाय तुटून रक्ताची धार लागली आणि दाबूनही थांबत नसेल तर तिथे मात्र वर घट्ट आवळायचंच, तेही कधी बांधलं ती वेळ लिहून. म्हणजे माझी सुतळी अगदीच वाया गेली नाही म्हणायची! कुठे बांधायची आणि कुठे नाही, एवढंच शिकवायला हवं होतं.

एस.टी.तून उतरलो आणि दुसऱ्या दिवशी त्या गावी गेलो. विद्यार्थी आता साठीला टेकला आहे. पाया पडला, चहा झाला. मी सगळं सांगितलं. पुस्तक जुनं होतं, दोरी बांधायला नको होती, कदाचित वडिलांचा पाय वाचला असता. तो बराच वेळ काही बोलला नाही. अडकित्त्याने सुपारी कातरत राहिला.

मग म्हणाला, "सर, त्या राती आख्खं घर बाबाले मारोतीच्या पारावर घेऊन चाललं व्हतं. उतरवनारा बी आला व्हता. मी गाडीपुढे आडवा झालो. म्हटलं सरानं सांगतलं हाय, दवाखान्यात न्याचं म्हंजे न्याचं. नववीतलं पोरगं मी, माह्यं कोन आयकनार? तुमचं नाव घेतलं म्हणून आयकलं."

हे मला ठाऊक नव्हतं. पुस्तकातल्या चार पायऱ्यांनंतर शेवटी एक ओळ होती, ‘रुग्णास त्वरित दवाखान्यात हलवावे’. मी ती घाईघाईत वाचायचो, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं.

"पायाचं जाऊ द्या," तो म्हणाला. "बाबा मंग तीस वरीस जगले. कुबडीवर वावरात जात. आता काय कराचं तेवढं सांगा, सून दिवसभर वावरात असते." आणि त्याने सुनेला हाक मारली, "आवं, आयक इकडे, सर सांगून रायले."

मी सांगितलं. धीर द्यायचा, कारण बरेच साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. चालवायचं, पळवायचं नाही. जोडवी, पैंजण, अंगठी आधी काढायची, सूज येते. कापायचं नाही, चोखायचं नाही, बांधायचं नाही. हाड मोडल्यावर बांधतो तसा पाय आधार देऊन स्थिर ठेवायचा आणि थेट सरकारी दवाखाना गाठायचा, साप मारत बसायचं नाही. गेल्यावर डॉक्टरांना किती वाजता, कुठे चावला, पापण्या जड झाल्या का, हिरड्यांतून रक्त येतंय का ते सांगायचं.

सून म्हणाली, "आधार म्हंजे कसा?" कोपऱ्यात तुऱ्हाट्यांची मोळी होती. त्यातल्या चार सरळ बघून घेतल्या, भोवती पेपर गुंडाळला. विद्यार्थ्याने न सांगताच पाय पुढे केला. त्याच्याच दुपट्ट्याच्या पट्ट्या करून तुऱ्हाट्या पायाला बांधून दाखवल्या. सुनेने गाठीखाली बोट घालून पाहिलं. बोट सहज आत जात होतं. मग ती म्हणाली, "थांबा, आता मी बांधून पायते," आणि सगळं सोडून पहिल्यापासून सुरू केलं.